बेटाच्या वाडीचा ताप

कारखानीससाहेब सोमवारी सकाळीच शेणव्याला आले. सायकल त्यांनी चालवत आणली नव्हती, ढकलत आणली होती. मडगार्डाखाली चिखल असा ठासून बसला होता की चाक फिरायलाच तयार नव्हतं. राघो वेखंडे ओसरीवर बसून रक्ताच्या काचपट्ट्या पुसत होता. साहेबांनी सायकल कुडाला टेकवली, टोपी झटकली आणि आतल्या खिशातून मेणकापडात गुंडाळलेला कागद काढला.

"राघो, बेटाच्या वाडीचा निकाल आला. अकरा पट्ट्या पाठवल्या होत्यास ना? अकराच्या अकरा निघाल्या."

"निघाल्या म्हंजे, साहेब?"

"म्हणजे काय विचारतोस? हिवताप! सगळ्यांच्या रक्तात जंतू. एवढी वर्षं या खात्यात काढली, असं कधी पाहिलं नाही. वाडी नऊ-दहा घरांची, आणि अकरा माणसं तापलेली. त्यात एक दोन वर्षांचं पोर आहे." साहेब ओसरीच्या कडेला टेकले. "पाच दिवस रोज समोर उभं राहून गोळ्या द्यायच्या. जायला दोन दिवस, यायला दोन. मी स्वतः येतोय. गुरुवारी निघू. तू तयारीला लाग."

राघोच्या हातातली पट्टी निसटून सारवलेल्या जमिनीवर पडली. ती फुटली नाही. त्याने ती उचलली, पुन्हा पुसली, आणि "हो साहेब" म्हणाला. आपला आवाज कुठून आला ते त्याला कळलं नाही.

कारण त्या अकरा पट्ट्यांवर बेटाच्या वाडीतल्या एकाही माणसाचं रक्त नव्हतं. ते सगळं रक्त राघोचं होतं.

हा राघो तसा लबाड माणूस नव्हे. वाशिंदकडच्या कुणब्याचा मुलगा, सातवी पास झालेला. एकोणीसशे साठ साली त्याला हिवतापाच्या खात्यात चिकटवून घेतलं. खाकी अर्धी चड्डी, खांद्याला पिशवी आणि हातात पट्ट्यांची लाकडी पेटी. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, कुणाला ताप आला का विचारायचं, आला असेल तर बोटाला सुई टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, हातावर गोळ्या ठेवायच्या आणि दाराशेजारी भिंतीवर तारीख घालायची. आधी लोक त्याला बघून रानात पळत. रक्त नेऊन हा काय करतो, असा सगळ्यांना वहीम होता. पण राघो बसायचा, पाणी मागून प्यायचा, भाताची चौकशी करायचा. दोन वर्षांत बाया स्वतःहून पोरं पुढे करू लागल्या. 'तापवाला आला' म्हणून हाक जायची.

त्याची एकच गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. वाहत्या पाण्याला तो फार भ्यायचा. त्याला कारण काही नव्हतं. घरातलं कुणी बुडालं नव्हतं, लहानपणी तो कधी पाण्यात पडला नव्हता. विहिरीवर तो खुशाल वाकायचा. पण पाणी वाहू लागलं, आवाज करू लागलं, की पायांतली ताकद निघून जायची आणि काठच चालायला लागला आहे असं वाटायचं.

आणि बेटाची वाडी पाण्यापलीकडे. तिच्या एका अंगाला शाई नदी, नदीपल्याड मुरबाड तालुका. दुसऱ्या अंगाला उंबरओहळ. दोन्ही पाणी खाली जाऊन एकमेकांत मिसळतं. आठ महिने तिथं चारचौघांसारखं माळरान असतं, आणि पावसाचे चार महिने बेट. ठाकरांची नऊ-दहा घरं त्या बेटावर वरी-नाचणी करून राहायची आणि नड पडली तरच ओहळ उतरायची.

पाऊस लागल्यावरच्या दोन फेऱ्यांना राघोने वहीत लिहिलं, 'पाणी असल्याने जाता आले नाही.' तिसऱ्यांदा तेच लिहायला हात धजेना, म्हणून आषाढात तो खरोखर गेला. ओहळाला पाणी गुडघ्याच्या जरा वर होतं. पेटी डोक्यावर धरून तो उतरला. सात-आठ पावलांवर पायाखालचा गोटा फिरला, तो आडवा झाला, पाण्यानं त्याला फरफटत खाली नेलं, आणि एका उंबराचं उघडं पडलेलं मूळ हाताला लागलं. पेटी दुसऱ्या हातात तशीच वर. ज्या काठावरून उतरला त्याच काठावर तो कसाबसा चढला आणि चिखलात पालथा पडून राहिला. पुन्हा उतरायचं त्याने तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा पाय पाण्याला लागताच तो मागे सरला.

परतीच्या वाटेवर गुरांचा एक रिकामा वाडा लागला. गुरं तिथं आता कुणी बांधत नसे. तिथं कोरड्या कोपऱ्यात बसून त्याने पेटी उघडली, जुन्या वहीतून बेटाच्या वाडीची नावं काढली आणि एकेक बोट टोचत गेला. दहा बोटं झाली. अकराव्या नावाला डावा अंगठा पुन्हा टोचला. दोन-तीन पट्ट्यांवर थांबता आलं असतं. हात थांबला नाही, एवढंच.

तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला थंडी वाजायची. भिजल्यामुळे असेल, असं तो तानीला, म्हणजे बायकोला, सांगायचा. गावोगावच्या लोकांच्या तापाची चौकशी करत हिंडणाऱ्या माणसाला स्वतःचा ताप ओळखता आला नव्हता. सोमवारी साहेबांचा कागद बघितला तेव्हा तो ओळखता आला.

साहेब गेल्यावर त्याने आधी स्वतः गोळ्या घेतल्या. मग तयारीला लागला.

आठ-नऊ दिवसांची वाट, तीही श्रावणाच्या चिखलातली, म्हणजे नुसती पिशवी उचलून चालायचं काम नव्हे. वाटेत लावणी झालेली भाताची आवणं, त्यांचे निसरडे बांध, मग रान, मग दगडांची उतरण. पेटीला त्याने मेणकापडाचे दोन वेढे दिले आणि सुतळीने आवळलं. गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला मेणबत्तीचं मेण ओतून बसवलं. स्पिरिटची बाटली कापसात, काड्यापेटी औषधाच्या रिकाम्या बाटलीत बूच मारून. हात हे सगळं करत होते, आणि डोक्यात दुसरंच चाललं होतं. वाडीत गेल्यावर साहेब भिंती बघणार. भिंतींवर शेवटची तारीख वैशाखातली. साहेब नावं पुकारणार, आणि धडधाकट माणसं पुढे येऊन उभी राहणार. कुणी तरी म्हणणार, हा तर आलाच नाय.

तानी नाचणी दळायला बसली होती. जात्याची घरघर थांबवून म्हणाली, "घोंगडी नेणार का इरलं?"

"दोन्ही."

"दोन्ही घेऊन पाण्यात उतरता येल तुमाला?"

राघोने पेटीची सुतळी पुन्हा आवळली.

मंगळवारी बाजार होता. बेटाच्या वाडीची सावळी करटोली विकायला आली होती. चाळिशीची ठाकरीण, अंगाने काटक, सगळ्यांना 'तू' म्हणायची. फौजदारालाही तिने 'तू' म्हटलं होतं म्हणतात. राघोला ती टाळायची होती, पण साहेबांनी निरोप ठेवला होता की वाडीचं कुणी बाजारात भेटलं तर वाटाड्या म्हणून ठरव. तो तिच्या टोपलीसमोर उकिडवा बसला.

"सावळे, बेस्तरवारी साहेब येणार हाय तुमच्याकडं. मी बी. पाणी कसं हाय?"

"पाणी पाण्यावानी हाय." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "गेल्या खेपेला तू आला नाय."

"पाणी होतं गो."

"पाणी दर साली हाय."

राघोने जमिनीकडे बघितलं. तीच मग जरा सैल झाली. म्हणाली, बहिणीकडे पाड्यात दोन दिवस राहणार आहे, बेस्तरवारी माझ्याच बरोबर चला. आणि काय काय घ्यायचं ते सांगू लागली. "पायात काय घालू नको. चपला पिशवीत टाक. चिखलात बोटं रुतवून चालायचं. काठी बांबूची, तुझ्या कानाइतकी उंच. चऱ्हाट आन एक, वीस हात, चांगलं जाड. मीठ आन, वाडीतलं मीठ संपलंय. आनी पाणी अरुंद दिसल तिथं उतरायचं नाय. रुंद असल तिथं उतरायचं. रुंद पाणी उथळ असतं. पाण्यात खाली बघू नको, पल्याडचं झाड बघ."

"आनी वाडीत... बरं हाय ना सगळं?"

"बरं काय रे! म्हातारी गेली ना. हिरी. माझी सासू. पेरणीच्या आधीच गेली."

हिरी, वय साठ. यादीत तिसरं नाव. आषाढात त्याने त्या नावाने उजव्या हाताचं मधलं बोट टोचलं होतं. महिनाभर आधी मेलेल्या बाईच्या रक्तात सरकारला जंतू सापडले होते, आणि तिला पाच दिवस गोळ्या द्यायला साहेब स्वतः निघाले होते.

बुधवारी त्याला अंथरुणातून उठवेना. गोळ्यांनी थंडी थांबली होती, अंग निवलं होतं, तरीही. तानीने पायाच्या बोटांमधे चिखल्या होऊ नयेत म्हणून करंजाचं तेल चोळायला घेतलं. चोळता चोळता तिने त्याचा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं एकेक करून दाबून बघितली.

"आषाढात ह्या दहाही बोटांना टोचल्याच्या खुणा होत्या. मी इचारलं नाय. आज इचारते."

मग त्याने सांगितलं. सगळं सांगितलं. तानी ऐकत राहिली, तेलाचा हात तसाच.

"साहेबांना सांगा."

"नोकरी जाईल."

"जाईल."

"तुला काय वाटत नाय?"

"वाटतं तर. पन तुमी त्या पाण्यात पुन्ना पडाल, त्याचं जास्त वाटतं." तिने उरलेलं तेल स्वतःच्या टाचांना पुसलं आणि उठली. नाचणीच्या भाकऱ्या, सुका जवळा, कांदे, मिरची आणि मिठाची पुरचुंडी तिने फडक्यात बांधली. सावळीने सांगितलेलं चऱ्हाट शेजाऱ्याकडून मागून आणलं आणि स्वतः दोन टोकांना धरून, पाय लावून ओढून बघितलं. एका जागी पीळ सुटलेला होता. तिने तो तुकडा कापून टाकला आणि नवी गाठ मारली.

गुरुवारी तिघं निघाली. पुढे सावळी, मधे साहेब, मागे राघो. साहेबांचं वय पन्नाशीचं, गुडघे दुखरे. तरी ते कुरकुर न करता चालत होते. बांधावरून पाय घसरला की आवणात मांडीपर्यंत रुतायचे आणि सावळी त्यांना काखेत हात घालून उपसायची. चिखलातून पाय काढताना चुबुक चुबुक आवाज व्हायचा. राघोला प्रत्येक आवाजाला वाटायचं, आता ही बोलणार. साहेबांना सांगणार की म्हातारी मेली, हा आलाच नव्हता. साहेबही मधून मधून विचारत होते, वाडीत किती जण अंथरुणावर आहेत? सावळी म्हणे, "मी तीन दिस वाडीत नाय. आता काय सांगू?" रात्र त्यांनी एका पाड्यात काढली. साहेबांनी झोपायच्या आधी यादी काढून वाचली आणि दोन वर्षांच्या त्या पोराच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "याला अर्धी गोळी. की पाव? बघू, वजनावर ठरवू." राघो कूस वळवून पडला. त्याला सांगायचं होतं. तोंडाशी आलं, आणि सकाळी सांगू म्हणून त्याने ते गिळलं.

शुक्रवारी दुपारी उंबरओहळाचा आवाज आला. दिसायच्या आधीच आला. वर डोंगरात पाऊस जोरात झाला असावा. पाणी तांबडं, चहाच्या रंगाचं, आणि त्यावरून फांद्या, पेंढा, एकदा तर अख्खं केळीचं खांड वाहत गेलं.

सावळीने काठी पाण्यात खुपसून बघितली. "आज नाय. उद्या सकाळी उतरल."

"उद्या?" साहेब म्हणाले. "अगं, अकरा माणसं तापलेली आहेत तिकडे. लहान मूल आहे. मी इथं बसून रात्र काढू? दोर बांध. मी आधी जातो."

"तू म्हातारा हायस. पाणी वढील तुला."

"ओढू दे. बांध."

साहेबांनी धोतराचा काचा मारला, पिशवी सावळीकडे दिली, चऱ्हाटाचं टोक स्वतःच कमरेला बांधलं आणि पाण्यात पाय टाकला. घोटा बुडाला. गुडघा बुडाला. ते डगमगले, काठीवर रेलले आणि पुढचा पाय उचलला.

राघोला आजवर दोन भीती होत्या, एक पाण्याची आणि एक पकडलं जाण्याची. त्या क्षणी तिसरी भीती अशी उसळून आली की पहिल्या दोन्ही तिच्यापुढे थिट्या पडल्या. हा माणूस आपल्या खोट्यापायी मरणार. तो काठावरून ओरडला.

"साहेब, थांबा! मागं या! तिथं कुणी तापलेलं नाय. ते रगत माझं हाय! अकराही पट्ट्या माझ्याच हायत!"

पाण्याच्या आवाजात साहेबांना आधी कळलं नाही. मग त्यांनी मान वळवली. सावळीने दोर खेचत त्यांना काठावर घेतलं. ओल्या धोतरानिशी ते एका दगडावर बसले, आणि राघोने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, हिरीचंही.

सावळी इतकंच म्हणाली, "माझ्या मेल्या सासूला ताप आणलास तू?" तिच्या आवाजात राग कमी आणि कसलीशी धास्ती जास्त होती. ती दोघांपासून थोडी दूर जाऊन बसली.

साहेबांनी कमरेचा दोर सोडला. राघोला वाटलं, आता म्हणतील, चल मागे. त्या लाजिरवाण्या क्षणातसुद्धा त्याच्या मनाला किंचित हलकं वाटलं, की निदान हा ओहळ तरी टळला.

"म्हणजे," साहेब म्हणाले, "पाऊस लागल्यापासून वाडीतल्या एकाही माणसाचं रक्त कुणी घेतलेलं नाही."

"नाय, साहेब."

"मग तिथं कुणी तापलेलं नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

साहेबांनी उठून धोतर पिळलं.

"उद्या पाणी उतरलं की जायचं. तू आधी उतरायचंस."

ती रात्र त्यांनी गुरांच्या त्याच रिकाम्या वाड्यात काढली. साहेब त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. भाकरी मात्र त्यांनी तिघांत सारखी मोडली.

सकाळी पाणी मांडीइतकं होतं. सावळीने वरच्या अंगाला रुंद जागा शोधली, चऱ्हाट एका झाडाला आवळलं आणि दुसरं टोक राघोच्या कमरेला. पेटी डोक्यावर. त्याने पाऊल टाकलं आणि काठ चालायला लागला. डोळे आपोआप खाली जात होते. मागून सावळी ओरडत होती, "झाड बघ रे! झाड बघ!" पल्याड ऐनाचं एक झाड होतं, त्याच्या खोडावर पांढरा डाग. राघो त्या डागाकडे बघत चालला. मधे एकदा पाय सुटला आणि त्याच्या तोंडून आई गं निघालं, लहान पोरासारखं, मोठ्यानं. त्याने पायाची बोटं रुतवली. बोटांनी तळ धरला. पल्याड गेल्यावर त्याने ऐनाला मिठी मारली आणि तिथंच ओकला. मग डोळे पुसून दोर झाडाला बांधला, साहेबांना आधार म्हणून.

वाडीत चार माणसं खरोखर तापलेली होती. त्यातली रंगू पोटुशी होती, आणि पोश्या नावाचा विशीतला गडी तीन दिवस शुद्धीत नव्हता. त्याच्या उशाशी भगत अंगारा घेऊन बसला होता. या चौघांतलं एकही नाव राघोच्या यादीत नव्हतं. साहेबांनी रक्त घ्यायला लावलं, गोळ्या कुटून पाण्यात कालवून पोश्याच्या तोंडात थेंब थेंब घातल्या. राघो पाच दिवस त्याच्याजवळून हलला नाही. दर घटकेला तो त्याच्या नाकाशी हात नेऊन श्वास बघायचा. चौथ्या दिवशी पोश्याने डोळे उघडून पेज मागितली. रंगूचं मूल मात्र वाचलं नाही. पुढं महिन्याभराने ते मेलेलंच जन्मलं. ते तापामुळे की कशामुळे, कुणी सांगू शकलं नाही. राघोने ते कायम स्वतःच्या अंगावर घेतलं.

साहेबांनी अहवालात खरं तेच लिहिलं. राघोची नोकरी गेली. वर्षभर त्याने लाकडाच्या वखारीत काम केलं. मग डासांवरच्या फवारणीच्या टोळीला माणसं लागली तेव्हा साहेबांनीच त्याचं नाव सांगितलं, रोजंदारीवर. दोन वर्षांनी पुन्हा पट्ट्यांची पेटी हातात आली, आणि तोच भाग मिळाला, कारण तिकडे जायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

सावळी त्याच्याशी बरेच दिवस धड बोलत नसे. एका श्रावणात तिने न मागता करटोल्याची भाजी आणि वरीचा भात त्याच्यापुढे ठेवला, आणि तो जेवेपर्यंत चुलीपाशी पाठ करून बसली.

त्याची भीती गेली, असं म्हणता येणार नाही. दर पावसात, दर फेरीला, ओहळाचा आवाज कानावर पडला की तो झुडपाआड जाऊन ओकायचा, चूळ भरायचा, चड्डी वर दुमडायचा आणि उतरायचा. वाडीतली माणसं पल्याड उभी राहून बघायची. कुणी हसत नसे. कधी कधी कुणी तरी दोर घेऊन अर्ध्या पाण्यापर्यंत पुढे यायचं.